कोटावरची दोन भोकं

केझाया : जेकब ट्रेगेंझा, त्याचा रूबेन, रूबेनचा एमॉस, म्हणजे माझा नवरा. तिघांनी जन्मभर समुद्राचं मीठ खाल्लं, पण छातीवर बिल्ले मिरवत कोणाच्या दारात उभे राहिले नाहीत. चौथा माझा टॉबायस. त्याच्या छातीवर तर मरेपर्यंत काहीच नव्हतं. आणि तू, त्याच्याच जहाजावरचा सायलस पेनरोझ, जत्रेतल्या घोड्यासारखा नटून आलायस!

सायलस : केझाया मावशी, आत येऊ का?

केझाया : पायपुसण्यावरच उभा राहा. हा कुठला बिल्ला?

सायलस : राणीसाहेबांचा, इजिप्तच्या लढाईचा. आणि हा तारा तिथल्या राजाने, खेदिवाने दिलेला.

केझाया : त्याचंच शहर तोफांनी भाजून काढलंत, म्हणून त्याने तुम्हाला दागिने वाटले? धन्य तो राजा! आणि शेजारी ही दोन भोकं कसली? शौर्याला कसर लागली वाटतं?

सायलस : तिथे तिसरं पदक होतं. दहा वर्षांच्या सद्वर्तनाचं.

केझाया : सद्वर्तन! जे टॉबायसचं अवघे पंधरा दिवस उरले असताना हुकलं, तेच ना? पिऊन पहारा सोडला म्हणून! समुद्राने नेलेल्या सगळ्यांची नावं चॅपेलच्या भिंतीवर आहेत, माझ्या मुलाचं नाही. दारुड्याचं नाव कोरत नाहीत म्हणे. अकरा वर्षं मी त्या भिंतीसमोर बसते आहे.

सायलस : पहारा माझा होता, मावशी.

केझाया : काय म्हणालास?

सायलस : माझा वाढदिवस होता. जहाजावर वाढदिवसाला प्रत्येक सोबती आपल्या रमचा एक घोट देतो. टॉबायस रमला शिवत नसे, त्याने अख्खा पेला दिला. मी लोळलो. मला झोपायच्या झोळीत टाकून तो माझ्या जागेवर येईपर्यंत अधिकारी पोचला होता. जागा रिकामी, आणि तिथे टॉबायसचा पेला. टॉबायस त्याला म्हणाला, पहारा मी मागून घेतला होता, प्यायलोही मीच. माझी बायको तेव्हा गरोदर होती...

केझाया : आणि तू गप्प! तोफांसमोर वाघ, आणि खरं बोलायला उंदीर!

सायलस : आता नौदलाच्या कचेरीत सगळं लेखी दिलं. माझं पदक त्यांनी काढून घेतलं. हे घ्या, टॉबायसचं पदक. कचेरीचं पत्र चॅपेलच्या पंचांना दाखवलं. रविवारी नाव कोरणार आहेत.

केझाया : पदकाच्या कडेवर काय लिहिलंय? वाच. मोठ्याने. शेजारणीने खिडकी उगीच उघडी ठेवलेली नाही.

सायलस : टी. ट्रेगेंझा, खलाशी.

केझाया : पुन्हा.

सायलस : टी. ट्रेगेंझा, खलाशी!

केझाया : हं. आणि तो अख्खा पेला? खलाशी एकमेकांची रम बुडवत नाहीत, असं ऐकते.

सायलस : तीही आणलीय, बाटलीत. माप तेच. पण मावशी, तुमची तर दारूला न शिवण्याची शपथ...

केझाया : पन्नास वर्षं पाळली. देवाशी मी बोलेन. टॉबायसच्या वतीने घेते आहे, ओत.

(ती एका दमात पेला रिकामा करते.)

केझाया : शी! यासाठी पोरगा बदनाम झाला? ...फिटलं, सायलस. पाय पूस, आणि आत ये.