बिनसरकीचा बोळा

...गिलास! तुम्हाला सांगतो, पाण्याचा गिलास! पंच म्हणून काय ठेवलं, तर टेबलावर इस्टीलचा गिलास, काठोकाठ भरेल, समोरासमोर दोन टेम्पो उभे, अन् ज्याच्या दणक्यानं पाणी जास्ती सांडंल तो डीजे पैला. आता गिलासाला काय कळतं हो? गिलासाला कान असतेत का? उद्या बाल्टी ठेवा, परवा हौद ठेवा... अन् म्हणे भव्य डीजे मुकाबला. अरे, मुकाबला आम्ही केला, आम्ही! आमचा पंच कोण व्हता ठावं हाये का? माणूस. जित्ता माणूस. भुजंगतात्या. अन् तो मांडवात न्हाई बसायचा, तो बसायचा परतूरच्या रस्त्यावर चिंचेखाली, गावापासून अर्धा कोस लांब. इकडं जत्रेत दोन कर्णेवाले आपापल्या लिंबावर कर्णा बांधून उभे, एकएकानं माईकात एकच वाक्य बोलायचं, अन् तात्यानं तिथून चालत येऊन सांगायचं, कोणाचं काय ऐकू आलं ते. शब्दाला शब्द. नुसता आवाज आला म्हन्लं तर बाद. आवाज काय, गाढवाचाबी पोचतो. शब्द पोचला पाहिजे, शब्द!

मी रखमाजी. वाटूरचा. एक्क्याऐंशी साली ह्या पट्ट्यात पैला कर्णा आणला तो मी. मशीन, बॅटरी, तबकड्यांची पेटी, माईक अन् हा एवढा थोरला कर्णा... लग्नघरचे लोक बैलगाडी घेऊन यायचे मला न्यायला, कर्ण्याखाली गादी टाकायचे गादी, नवरदेवाचा बाप बिचारा गाडीमागं पायी. अन् काम काय नुसतं गाणी लावायचं व्हतं का? पंगत बसली, सांगा. नवरीचे मामा सापडंनात, मामाला बोलवा. एकदा माईकात म्हन्लं, "भिवा टेलरला इनंती हाये, नवरदेवाचा कोट आजून आला न्हाई, नवरदेव बनियनवर उभा हाये, जल्दी यावं." तर हे शेजारच्या गावात भिवानं दुकानात बसून ऐकलं अन् कोट घेऊन पळत आला, एक बटण लावायचं राह्यलं व्हतं तसाच! ह्याला म्हणतेत साऊंड. अन् आताच्या त्या काळ्या गॉगलवाल्याला इचारा, बाबा, नवरीचं नाव काय? ठावं न्हाई. बरं, सांगायचं म्हन्लं तर त्याच्यापाशी माईकच न्हाई. चार लाख भोकं हायेत त्या मशीनला, पण माईक न्हाई. शब्द पोचवायचा कशानं?

अन् तिकडं परतूरला तो. आबाराव. नाव घेतलं की तोंड कडू होतं माहं, थांबा, पाणी पितो... हां. तर त्यानं त्र्याऐंशीला कर्णा आणला, नवा कोरा, अन् चौऱ्याऐंशीच्या चैताच्या जत्रेत आमची टक्कर ठरली. कायदा असा की हारंल त्यानं आपला कर्णा झाडावरून उतरवायचा अन् सगळ्या गावासमोर भुईवर पालथा घालायचा. मी महिनाभर वाक्य पाठ केलं. गोजरबाईला, म्हंजे आमच्या घरच्यांना, चुलीपाशी म्हणून दाखवायचो, "वाटूरच्या रखमाजीचा, चिंचेखाली बसलेल्या भुजंगतात्याला अन् समस्त मंडळीला, हात जोडून रामराम." ती म्हणायची, "अवं, रामराम पोचला, आता भाकर खाऊन घ्या."

पैला आबाराव बोलला. मंग मी. छाती भरून घेतली, माईक तोंडाशी धरला, बोललो... अन् वरून लिंबातून काय आलं? हुंऽऽ... हुंऽऽ... हुंऽऽ. मला वाटलं, बॅटरी बसली. बघतो तर बॅटरी बराबर. मशीन बराबर. परत बोललो, परत हुंऽऽ. गोधडीत तोंड घालून बोलल्यावानी. तवर तात्या आला चालत, काठी टेकत, घाम पुशीत. सगळे त्याच्याभवती गोळा. तात्या म्हणे, "आबारावचं सांगतो. 'परतूरच्या आबारावचा वाटूरकरांना नमस्कार, चहा टाकून ठेवा.' शब्दाला शब्द." लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाटूरच्या लोकांनीबी! "अन् रखमाजीचं?" तर तात्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, अन् काय म्हणे, तुम्हाला सांगतो, अंगावर काटा येतो आजून... म्हणे, "रखमाजीचं तर काईच आलं न्हाई बुवा. पण गावात कोणाची तरी म्हैस व्यायला अडली हाये. लई कण्हून राह्यली. कोणीतरी बघा तिच्याकडं."

झालं! त्या दिवसापासून रखमाजी साऊंड मेलं अन् म्हैस साऊंड जल्मलं. लग्नाच्या याद्यात, "आचारी फलाना, मांडव बिस्तान, म्हैस साऊंड." बाजारात गेलो की मागून हुंऽऽ. एसटीत चढलो की कंडक्टर हुंऽऽ. अवो, लेकीची सोयरीक झाली, माह्या कौसल्याची, तर तिची सासू द्वारकाबाई चार माणसांत काय म्हणती? "आमच्या ईहिणीकडं दूधदुभतं भरपूर असंल, म्हशीवाले हायेत म्हणून ऐकलं."

पण तेच सांगून राह्यलो ना. त्या दिवशी हारल्यावर कर्णा उतरवला, पालथा घालायला लागलो, हात आत गेला, अन् हाताला मऊ लागलं. ओढलं. मूठभर कापसाचा बोळा! कर्ण्याच्या नरड्यात पार घट्ट ठोसेल. मी ओरडलो, "हे बघा, हे बघा!" तर आबाराव मिशीतून हासला अन् म्हणे, "कापूस काय, वाटूरात घरोघर हाये." घरोघर हाये, खरं हाये. पण बाबा, आमच्या घरातला कापूस असतो सरकीचा. शेतातून येचला अन् कोपऱ्यात टाकला. अन् हा बोळा पिंजून बघितला मी, केस न् केस वेगळा करून बघितला. एक सरकी न्हाई. बिनसरकीचा! म्हंजे मशीनवर सरकी काढेल, जिनिंगातला. अन् परतूरला जिनिंगात कामाला कोण? त्रिंबक. अन् त्रिंबक आबारावचा कोण? सख्खा मेव्हणा. आता कोर्टाला आजून काय पुरावा लागतो? पण हारल्या माणसाचं कोण ऐकतं. कर्णा पालथा घातला अन् घरी गेलो.

घरी गेल्यावर आधी गोजरबाईची हिंगाची डबी रिकामी केली, बोळा आत घातला अन् झाकण लावलं. शपथ घेतली. हा बोळा, हाच बोळा, आबारावच्या कर्ण्यात घालीन, त्याला चार गावांसमोर हुंऽऽ करायला लावीन, तरच नावाचा रखमाजी. गोजरबाई म्हणे, "माहा हिंग कशात ठेवू?" मी म्हन्लं, इथं इज्जत गेली अन् तुला हिंगाचं पडलं. तर म्हणे, "इज्जत गेली म्हणून काय फोडणी द्यायची न्हाई?"

मंग मोका बघत राह्यलो. एक्क्याण्णवला आला मोका. एका लग्नात वऱ्हाडाचा साऊंड आबारावचा, असं कळलं. भर दुपारी, पंगती चालू असताना, डबी कंबरंला लावून गेलो. झाडावर बघतो, कर्णा न्हाई. पत्र्यावर बघतो, न्हाई. अन् मांडवात काय, तर दोन लाकडी पेट्या उभ्या, कपाटावानी, पुढून जाळी मारेल. म्हणे बॉक्स. म्हणे आता कॅसेट अन् बॉक्स, कर्णा जुना झाला. मी त्या बॉक्साच्या चारी बाजूंनी फिरलो. फिरलो अन् फिरलो... बोळा घालायचा कुठं? तोंडच न्हाई! अरे, मी सात साल बोळा सांभाळला अन् ह्यानं तोंडच बदलून टाकलं! वरून नवरीचा बाप आला अन् म्हणे, "पाव्हणं, पंगतीला बसा ना, लाजता काऊन?" बसलो. बुंदी खाल्ली. करता काय.

तवर टक्करबी बदलली व्हती. चिंचेखाली कोणी जाईना. तात्या म्हातारा झाल्ता अन् रस्त्यावर ट्रकांचा आवाज वाढल्ता. आता पंच गावातच बसायचे, पारावर, तिघं जण, अन् ज्याचा आवाज "गोल" तो जिंकला म्हणायचे. गोल म्हंजे काय, मला इचारू नका. लाडू हाये का आवाज? शब्दाचं तर कोणी नावच काढीना.

सत्त्याण्णवला मला कळलं की त्या बॉक्साला खाली एक भोक असतं. जाळीच्या खाली, बेंबीएवढं, हवा जायला. मी म्हन्लं, सापडला! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी टक्कर व्हती, आबाराव अन् सेलूकडचा कोणीतरी. आबाराव चहा प्यायला गेल्ता. मी गेलो, वाकलो, पायतानाचा अंगठा बसवायचं सोंग केलं, अन् बोळा त्या भोकात घातला, बोटानं आत दाबला, शांतपणे जाऊन पारावर बसलो. म्हन्लं, आता निघंल म्हैस. आता अख्ख्या गावाला कळंल. आबाराव आला, कॅसेट लावली, बटण फिरवलं... अन् तुम्हाला सांगतो, आवाज आला तो असा खणखणीत, असा भरेल, असा गोल, की तिन्ही पंच उठून उभे राह्यले! त्या बॉक्सात म्हणे आवाज घुमत व्हता, कापसानं तो घुमारा खाल्ला. एक पंच म्हणे, "आबाराव, आज काय जादू केली?" आबारावला पैला नंबर. माह्या बोळ्यानं! माह्या हातानं! फेटा बांधला त्याला, अन् मी त्या गर्दीत खाली बसून भोकातून आपला बोळा काढून घेऊन राह्यलो.

गोजरबाईला सांगितलं तर हासता हासता भिताडाला टेकली. म्हणे, "आता तरी डबी द्या." न्हाई दिली. आजून दम व्हता माह्यात.

मंग आले हे डीजे. दोन हजारनंतर. कॅसेटी गेल्या, बॉक्साचा डोंगर झाला, टेम्पोवर टेम्पो, जनरेटर, ताडपत्री... अन् माणूस उभा राह्यला तर छातीत घण पडतेत. माहा कर्णा आता माळवदावर हाये, त्यात कोंबडी अंडी घालती. आबारावनंबी धंदा बंद केला. त्याच्या बॉक्सातबी आता उंदरं हायेत, हे ऐकून मला दोन दिवस बरं वाटलं, खोटं काऊन बोलू. पण मंग इचार आला, कर्णा न्हाई, बॉक्स न्हाई, मंग आता ह्या बोळ्याचं करू काय? साठीला आलो की मी!

अन् परवाच्या जत्रेच्या महिनाभर आधी कमिटीचे अप्पाराव घरी आले. म्हणे, "काका, ह्यावर्षी डीजेच्या मुकाबल्यात जुन्या साऊंडवाल्यांचा सत्कार हाये. तुमचा अन् परतूरच्या आबारावकाकाचा. शाल, नारळ, अन् दोन शब्द बोलायचे." दोन शब्द! माईकात! चार गावांसमोर, अन् आबाराव बाजूला! मी म्हन्लं, देवा, एकवीस साल उशीर केला पण बराबर केला. कर्ण्यात न्हाई तर न्हाई. आता सगळ्यांसमोर डबी उघडीन, बोळा काढीन, पिंजून दाखवीन, सरकी शोधा म्हणीन, अन् आबारावचं तोंड बघीन. परत महिनाभर पाठ केलं. गोजरबाई म्हणे, "भाकर करपून राह्यली."

सांच्याला पाच वाजता पैल्या रांगेत दोन पलास्टिकच्या खुर्च्या. एकीवर मी, एकीवर तो. म्हातारा झाला व्हता, तुम्हाला सांगतो, मिशी पार पांढरी. "बरा हायेस का?" म्हणे. मी कंबरंची डबी चाचपली. शाल झाली, नारळ झाला, टेबलावर तो पंच ठेवला, गिलास. अप्पाराव माईक घेऊन आले, "आता रखमाजीकाका दोन शब्द..." मी उठलो, डबी काढली, झाकण उघडलं, माईक तोंडाशी धरला... अन् त्या डाव्या टेम्पोवाल्या गॉगलवाल्यानं बटण दाबलं!

अहो, भूकंप! माईक बंद पडला का चालू, कळायला मार्ग न्हाई. मी खुर्चीत बसलो न्हाई, मला आवाजानं बसवलं. कानात कोणी सळई घालून राह्यलं असं वाटलं. तितक्यात उजवा टेम्पोबी सुरू! आबारावचं तोंड काळंनिळं, दोन्ही हात कानावर, डोळ्याला पाणी. त्याची नजर गेली माह्या हातातल्या डबीवर. कापूस बघितला. नाकाशी नेला, हुंगला. हिंग! एकवीस सालाचा हिंग मुरला व्हता त्यात. अन् कान दुखला की आपल्याकडं काय घालतेत कानात? हिंगाचा बोळा! तर ह्या माणसानं, तुम्हाला सांगतो, बोळ्याचे चार तुकडे केले, दोन आपल्या कानात घातले, दोन माह्या कानात घातले, माह्या हाताला धरून स्वता घातले, अन् माह्यापुढं हात जोडले. तोंड हालताना दिसलं तेवढ्यावरून कळलं मला. म्हणे, "रखमाजी, घरून औषध घेऊन आलास. देवमाणूस हायेस."

देवमाणूस! मी त्याच्या कानाशी तोंड नेलं अन् बोंबललो, "आबाराव, हा तुहाच बोळा हाये!"

तो म्हणे, "काय?"

"तुहाच! चौऱ्याऐंशीचा! माह्या कर्ण्यातला!"

"काय?"

"बिनसरकीचा!"

"काय?" अन् मान डोलवून माही पाठ थोपटून राह्यला. अर्धा कोस लांब चिंचेखाली शब्द पोचायचा हो, अन् इथं खुर्चीला खुर्ची लागेल, पोचला न्हाई. माहं मलाच ऐकू येईना.

तेवढ्यात गिलास पडला, दोन्ही डीजे एकदम बंद झाले, कोणाच्या दणक्यानं पडला म्हणून भांडण लागलं. माह्या कानात बोळे, मला काय ठावं बंद झाले ते? मी आपला बोंबलूनच राह्यलो, जीव खाऊन. घसा पार बसल्ता, काय बोललो ते एकालाबी कळलं न्हाई, ते नंतर गोजरबाईनं सांगितलं. ती मागं बायकांत बसेल व्हती. म्हणे, सगळी जत्रा चिडीचूप झाली अन् मागून कोण म्हातारी म्हणे, "बाई, कोणाची तरी म्हैस अडली वाटतं."

डबी गोजरबाईला देऊन टाकली. आता तिच्यात हिंग हाये.