टुटू, केळीचा घड आणि माझी मच्छरदाणी

...आणि वर सासूबाई मलाच विचारतात, "अगं, डास फार झालेत, तुझ्या माहेरची मच्छरदाणी का लावत नाहीस?" का लावत नाही! अहो, ती तुमच्या डोळ्यांदेखत मामंजींनी कातरली, दुकानाच्या मधोमध, त्या मोठ्या कात्रीनं, कर्रर्र करून... असं म्हणणार होते. पण मी काही बोलले नाही. नवी सून ना मी!

तुम्हाला सांगते, मी तशी बोलतच नाही. आमच्या घरात कुणालाही विचारा. माझं माहेर फोपनार. चहूकडे केळीच्या बागा, बागांत पाणी, पाण्यावर डास. लग्नात लोक मुलीला भांडी देतात, लुगडी देतात, माझ्या वडिलांनी ते सगळं दिलं आणि वर एक मच्छरदाणी दिली. पांढरीशुभ्र, बारीक जाळीची, कशी ताठ! "पोरीला शहरात झोप लागली पाहिजे," म्हणाले. आणि इथं बऱ्हाणपुरात, इतवारा मोहल्ल्यात, ती बांधायला घेतली की सासूबाई रोज म्हणणार, "आली का राणी मेण्यात बसायला?" म्हणू देत. त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती.

वर घर, खाली दुकान. वामन टेलर मास्तर म्हणजे आमचे मामंजी. ते कापायचे, आमचे हे मशीन चालवायचे, आणि आतल्या खोलीत डोक्यावर पदर घेऊन काज-बटण आणि तुरपाई, ते माझं. गिऱ्हाइकांना वाटतं, काजं काय, शर्टाला आपोआपच पडत असतील!

तर ते छप्पन साल. चार राज्यांचे तुकडे जोडून नवं मध्य प्रदेश राज्य होणार होतं, आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला चालली होती. मामंजी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "जोडू दे भई, जोडू दे. टीप कशी बसली ते पहिल्या धुण्यात कळतं!" एक नोव्हेंबरला गिरणीच्या क्लबात जलसा, कलेक्टर साहेब येणार, कुणाचं लेझीम, कुणाचं समूहगान... आणि गिरणीतल्या इंजिनियर साहेबांच्या बारा वर्षांच्या बेबीचा विलायती नाच. बॅले! बेबीची आई मुंबईची पारशीण. मोटारीतून उतरल्या, मासिकातला एक फोटो मामंजींपुढं ठेवला आणि म्हणाल्या, "मास्टरजी, बेबी के लिये ऐसा टुटू मंगता."

त्या फोटोत एक गोरी बाई पायाच्या अंगठ्यावर उभी आणि कमरेला घागरा... खाली सोडलेला नाही हो, आडवा! परातीसारखा! मामंजींनी चष्मा वर केला, खाली केला, फोटो उलटा धरून पाहिला. मग हसले. "समजलं. फोटो काढताना वारा सुटला होता." आमचे हे म्हणाले, "नाहीतर गिरकी घेतली असेल." झालं! दोन पिढ्यांचे दोन कारागीर, आणि दोघांचं एकमत, की घागरा साधाच आहे, फक्त उडालाय. मी दाराच्या फटीतून बघत होते. त्या बाईच्या डोक्यावरचा एक केस हललेला नव्हता. वारा काय माणसाच्या फक्त कमरेला लागतो? पण मी काही बोलले नाही. नवी सून ना मी!

मग शिवला बारा कळ्यांचा मलमलचा घागरा, चांगला घोट्यापर्यंत. घोट्यापर्यंत का, तर सासूबाई जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "राज्य नवं येवो नाहीतर जुनं जावो, आपल्या शिलाईतून कुणाच्या लेकीचे पाय दिसायला नकोत." बाई आल्या, घागरा पाहिला आणि अशा हसल्या, अशा हसल्या... "अरे मास्टरजी, ये तो आपने सवा सौ साल पुराना टुटू बना दिया!"

आणि मग त्या स्टुलावर बसल्या आणि सांगतच सुटल्या. पूर्वी म्हणे नाचणाऱ्या बायका दरबारातल्या राण्यांसारखे पायघोळ, वजनदार झगे घालून नाचायच्या, आतून सांगाडे लावलेले. नाचायच्या कसल्या, सरकायच्या! पाय काय करामत करतायत ते जगाला दिसायचंच नाही. (हे मात्र मला लगेच समजलं. काजं करते ना मी.) मग एकीनं धीर केला आणि झगा चार बोटं वर घेतला. बघा तरी माझे पाय! पॅरिसात ही बोंबाबोंब! पुढं आला हा आपला घोट्याच्या जरा वरचा, घंटेसारखा, तलम कापडाचा, की बाई परीसारखी तरंगतेय असं वाटावं. पण रंगमंचावर तेव्हा गॅसचे दिवे. घागऱ्याचं टोक दिव्याला लागलं की भडका. "कितनी लडकियां जल गयीं, मास्टरजी." न पेटणारं कापडही निघालं होतं म्हणे, पण ते जाड आणि मळकट दिसायचं, नाचणाऱ्या पोरींनीच नको म्हटलं.

जिन्यातून सासूबाईंचा आवाज आला, "जळाल्या? आणि बाकीच्या?"

"बाकी नाचती रहीं."

सासूबाई मग दोन पायऱ्या खाली उतरल्या आणि मामंजींना म्हणाल्या, "अहो, गुडघ्यापर्यंत करा. पोरीच्या पायात अडकेल." मी सुई हातात धरून बघतच राहिले! पॅरिसला जे जमायला कित्येक वर्षं लागली, ते आमच्या सासूबाईंनी दोन पायऱ्यांत केलं.

दुसरा घागरा गुडघ्यापर्यंत. बाई आल्या. "अब सत्तर साल पुराना है! थोडा और आगे आओ, मास्टरजी, थोडा और!" म्हणजे काय, तर इटलीच्या पोरी एका अंगठ्यावर भोवऱ्यासारख्या फिरायला लागल्या, गुडघे दिसेनात, म्हणून घागरा आणखी वर, आणखी वर, आणि वर जाता जाता एक दिवस कमरेशी आडवाच झाला. मामंजी म्हणाले, "तो वर गेला ते कळलं, बाईसाहेब. पण तो राहतो कशाच्या आधारानं?" तर बाई म्हणाल्या, "वो तो दर्जी जाने!"

दर्जी काय जाणणार? मामंजींनी विणकरांकडून खळ आणली. घागरा सकाळी पापडासारखा कडक आणि दुपारी वाफेवर धरल्यासारखा मऊ. मग केळीच्या टोपलीची कामटी वाकवून आत घातली. उभा राहिला! मामंजी खूश, आमचे हे खूश, बेबी मापाला आली, स्टुलावर बसली... मागून कामटी दबली आणि पुढून सगळा घागरा उठून तोंडावर! आतून बारीक आवाज, "ममा, मैं कहां हूं?"

आणि समोरच्या मालूबाई तेव्हाच नेमक्या ओट्यावर. संध्याकाळपर्यंत इतवाऱ्यात घरोघर, "वामन मास्तरला एक घागरा शिवता येईना, बाई!" जलशाला दोन दिवस उरलेले, दिवाळी त्याच्या दुसऱ्या दिवशी. मामंजींनी मलमल घडी करून ठेवली. आमच्या ह्यांना म्हणाले, "नंदू, बाईंना परत देऊन ये. तीस वर्षांत पहिल्यांदा काम परत जातंय. जाऊ दे." आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं ते अंगुस्तान काढून पेटीवर ठेवलं. अहो, ते अंगुस्तान लग्न झाल्यापासून मी त्यांच्या बोटातून पानावर बसेपर्यंत निघालेलं पाहिलं नव्हतं! आणि माझ्या तोंडून एकदम बाहेरच पडलं.

"घड."

"कोण बोललं?" मामंजी इकडं तिकडं बघायला लागले. खरंच! त्यांना माझा आवाजच ओळखू येईना.

"मामंजी, केळीचा घड," मी दाराआडून म्हटलं. "झाडावर लटकलेला असतो ना, तसा. खालची फणी सगळ्यात लहान, तिच्यावरची मोठी, तिच्यावरची आणखी मोठी. आणि केळं एकही खाली बघत नाही, सगळी वर वळलेली. आपण झालरी मोठ्या खाली आणि लहान वर लावतो, मग त्या लोंबतात. लहान खाली लावा. खालची वरचीला उचलून धरेल. आणि मलमल नको, ती पडते. जाळी पाहिजे, ताठ."

मामंजींनी हळूच अंगुस्तान उचललं. "ताठ जाळी? आता? पावसाळ्यात सगळ्या गावानं मच्छरदाण्या नेल्या, बाजारात वीतभर जाळी शिल्लक नाही. जाळी आणायची कु..." आणि थांबले. आमच्या ह्यांनी वर छताकडं पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं. मग मामंजींनी. आणि मग, तुम्हाला सांगते, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय बोलून बसलेय!

कर्रर्र...

अकरा झालरी! पहिली दोन बोटांची, शेवटची वीतभर, एकीवर एक, बेबीच्या पांढऱ्या चड्डीवर शिवलेल्या, आणि प्रत्येक झालर वरच्या झालरीला सैल टाक्यांनी धरलेली. चुण्या घालायला दोन हात कमी पडले, तर मामंजी म्हणाले, "बहू, बाहेर येऊन बस. आत उजेड नाही." दुकानात! रस्त्यावरून दिसेल अशी! मालूबाई लगेच ओट्यावरून सासूबाईंना, "अगंबाई गोदाबाई, सून दुकानात बसवली?" सासूबाई जिन्यातून म्हणाल्या, "बसली नाहीये ती, कामावर आहे. तू बस!"

जलशाच्या दिवशी बेबी आली, अंगठ्यावर उभी राहिली आणि माझी मच्छरदाणी... अहो, तरंगली! बेबी फिरली, तर ती फिरली, बेबी थांबली, तर ती एकदा थरथरली आणि थांबली. खाली म्हणून आली नाही. आणि बेबीचे ते इवलेसे पाय, काय भराभर चालत होते, सगळ्या बऱ्हाणपूरला दिसत होते! पुढच्या रांगेतला एक फेटेवाला शेजाऱ्याला म्हणाला, "खालून पंखा लावलाय वाटतं. वाऱ्यानं उडतंय." तर मामंजी ताडकन वळले. "वाऱ्याचा काय संबंध? शिवण आहे ती! ज्याला शिवण कळत नाही त्याला वारा दिसतो!"

मी पदर तोंडात कोंबला.

नाच संपला, टाळ्या थांबेनात, बाई मंचावर येऊन म्हणाल्या, "ये टुटू पॅरिस का नहीं, बुरहानपुर का है! वामन मास्टरजी, खडे हो जाइये!" मामंजी उभे राहिले, टोपी सारखी केली आणि कलेक्टर साहेबांसमोर खणखणीत आवाजात म्हणाले, "कैंची मेरी है. घड हमारी बहू का है." घड म्हणजे काय, कुणाला काही कळलं नाही. पण टाळ्या पडल्या! माझ्या नावाच्या नव्हे, पण माझ्या घडाच्या तरी. मी मान खाली घातली होती, तशीच हसत राहिले. बायांकडच्या रांगेत सासूबाई डावीकडं-उजवीकडं सांगत होत्या, "आमच्या घरातली जाळी आहे हो." आमच्या घरातली!

दिवाळसणाला फोपनारला गेलो. वडिलांनी पहिला प्रश्न केला, "मच्छरदाणी बरी आहे ना, पोरी?" मी सगळं सांगितलं. ऐकून तडक उठले, मला वाटलं रागावले. तर दारात गेले आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला, "देवराम, ऐकलं का? माझी मच्छरदाणी कलेक्टरसमोर नाचली!" निघताना दुसरी दिली. पहिलीपेक्षा मोठी, पहिलीपेक्षा ताठ. "आता सुखानं झोप," म्हणाले.

परत आलो. टांगा दुकानासमोर थांबतोय न थांबतोय, तर आत तहसीलदारांच्या दोन्ही मुली मापाला उभ्या! मामंजी पायरीवरच, गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान, तोंडावर असं हसू की काय सांगू. प्रवास कसा झाला नाही, वडील कसे आहेत नाही, सरळ माझ्या हातातल्या गाठोड्याकडं बघून, "आणलीस? शाब्बास! यात दोन्ही निघतील!"

आता सासूबाई विचारतात, मच्छरदाणी का लावत नाहीस. मी अंग खाजवत बसते, पण काही बोलत नाही. एकदा बोलून बघितलंय ना मी!