चकती कुणाच्या गळ्यात

— नाही नाही, माझ्याकडे नका बघू, ताई. मशीनकडे बघा. मी बोलतोय म्हणून माझ्या तोंडाकडे बघायला हवं असं काही नाही, इथे सगळा उलटा कारभार — गळ्यात ती लाल चकती आहे ना, ती असेतोवर मागे प्रत्यक्ष देव येऊन उभा राहिला तरी मान वळवायची नाही. देवाला सांगायचं, दोन मिनिटं थांब बाबा, कापणं चालू आहे. हां, झाकणाच्या काचेतून त्या टोकाकडे बघा. बारीक पिवळी ज्योत दिसते, विझते, दिसते, विझते — तोवर सगळं ठीक. टोक पुढे सरकलं नि ज्योत मागे लाकडावर तशीच राहिली, की हे बटण. मला विचारायचं नाही, स्वतःलाही विचारायचं नाही. बटण. उजवा हात तिथेच असू द्या. अस्सं. लेझर म्हणजे काय हो, शेवटी विस्तवच तो, फक्त सुईच्या टोकाएवढा. आणि लाकूड ते लाकूडच. तुमच्या बारा पाट्या आहेत, केकवर खोचायच्या, अकरा मिनिटांचं काम दाखवतंय. तुम्ही बेकरीवाल्या, भट्टीसमोर उभं राहायची सवय असेल तुम्हाला. तरी सांगतो, भट्टी बरी, ती आपण तापवतो तेव्हा आपल्याला माहीत असतं की ती तापलीय.

आणि मध्येच जायची वेळ आली तर? तर आधी काम थांबवायचं. नाहीच थांबवता आलं, तर चकती काढायची, दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि तोंडानं म्हणायचं, 'दिली'. त्यानं म्हणायचं, 'घेतली'. ते ऐकल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. पोराटोरांचा खेळ वाटतो ना? हसा, सगळे हसतात. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब तर म्हणाले, अहो काय हे, वयं काय आपली. पण हे शेड कुणा एकाचं नाही, सत्तर सभासदांचं आहे, आणि सगळ्यांचं ते कुणाचंच नाही असं होतं, म्हणून ही चकती. ज्याच्या गळ्यात, त्याची आग. आज तुमचा तिसरा दिवस, आज हे नीट जमलं की फॉर्मवर माझी सही, मग तुम्ही एकट्या चालवायला मोकळ्या.

काय म्हणालात? नाही, तशाच बोला, पुढे बघून. हां — भिंतीवरचं ते जळकं फळकूट. त्याची गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगतो सगळ्यांना. सांगितली ना तुम्हाला? एक वयस्कर बाई होत्या, काम चालू ठेवून, चकती खिळ्याला अडकवून, कुणाला काही न सांगता बाहेर गेल्या, आणि भडका उडाला. खाली पाटी आहे — 'इथे कुणी नव्हतं'. मीच कोरली ती, ह्याच मशीनवर. लोक वाचतात, मग शहाण्यासारखे वागतात. आणि तुम्ही विचारताय — कुणी नव्हतं, तर विझवली कुणी?

दोन वर्षं झाली, ताई. चाळीसेक माणसं शिकवली मी. इंजिनियर होते, एक वकीलही होते. कुणी विचारलं नाही हो हे.

मी विझवली. हो, मीच. इथेच होतो ना मी. म्हणजे इथे म्हणजे अगदी इथे नाही — तिकडे, त्या रंगांच्या कपाटापाशी. आठ-दहा पावलं असतील. पाहुणे आले होते दोन, शेडला देणगी देणार होते, त्यांना सगळं दाखवत होतो. मला बोलायला आवडतं हे एव्हाना कळलंच असेल तुम्हाला, माझी बायको म्हणते, तुमच्या तोंडाला कुलूप नाही नि किल्लीही हरवलेली. तर सांगत होतो त्यांना. काय सांगत होतो? सुरक्षा. खोटं नाही, सुरक्षेवरच बोलत होतो, आमच्याकडे किती काळजी घेतात, ही चकती कशी, 'दिली-घेतली' कसं — चकती हातात धरून दाखवत होतो त्यांना, अशी वर —

मशीनकडे बघा.

मशीनकडे बघा हो. तोंडातून निघालं ते निघालं. चकती माझ्या गळ्यात होती.

बाईंनी दिली होती. भूमिती शिकवायच्या शाळेत, तीस वर्षं, म्हणून आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणायचो. लाकडी कोडी कापायच्या, दोनशे तुकड्यांची, एकेक तुकडा स्वतः कागदावर काढलेला. आणि डोकं काय सांगू! कुठल्या जाडीच्या लाकडाला किती वेग, किती जोर, सगळे आकडे तोंडपाठ, आम्ही वही उघडायच्या ऐवजी बाईंना हाक मारायचो. त्या दिवशी गेटाशी टेम्पो येऊन उभा, बाईंची स्कूटर आडवी, हॉर्नवर हॉर्न. बाईंनी चकती माझ्या गळ्यात घातली. म्हणाल्या, 'दिली.' आणि हलल्या नाहीत. मी पाहुण्यांशी बोलतोय, बाई तशाच उभ्या, टेम्पोवाला बोंबलतोय, आणि बाई शाळेतल्या पोराकडे बघावं तशा माझ्याकडे बघतायत. मग मी म्हटलं, 'घेतली, बाई, घेतली, जा.' दोनदा म्हटलं. तेव्हा गेल्या.

आणि मी मशीनकडे पाठ करून व्याख्यान दिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — दुसरं काय. एक छोटा तुकडा उलटला असणार, त्यावर ज्योत धरली. वास आला तेव्हा मला वाटलं रंगाचा असेल. वळलो तर काच पिवळी. बटण दाबलं, हो, पण झाकणही उघडलं, जे उघडू नका म्हणून तुम्हाला तीन दिवस सांगतोय — उघडलं नि भडका हा एवढा, छताकडे. ते आग विझवायचं लाल नळकांडं उचललं, त्याच्या नळीत चकतीची दोरी अडकली, म्हणून हिसडून काढली आणि — हात आपोआप गेला हो. खिळा दिसला, अडकवली. रोजची सवय. त्या क्षणी माझ्या मनात पाप नव्हतं, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. त्या क्षणी.

मग माणसं जमली. बाजूच्या खोलीत सुतार करवत चालवत होता, त्याला काही ऐकूच गेलं नव्हतं, तो धावत आला नि पहिलं काय बोलला? 'चकती कुणाकडे होती?' आणि सगळ्यांनी खिळ्याकडे बघितलं. चकती तिथे. म्हणजे कुणाकडेच नव्हती. मी काही बोललो नाही. बोलला खिळा, मी नव्हे — अशी आपली समजूत घातली मी माझी. पाहुण्यांनी नंतर पाठ थोपटली, यांच्यामुळे शेड वाचलं म्हणाले. चकतीचा प्रश्न त्यांच्या कानावर गेलाच नाही, ते तर धूर बघून केव्हाच दाराबाहेर.

इकडे आत तेवढ्यात बाई आल्या, हातात स्कूटरची किल्ली. सुतारानं विचारलं. त्या म्हणाल्या, 'मी यांना दिली होती.' साधं, सरळ. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी म्हणालो —

नाही, थांबतोय कशाला, सांगूनच टाकतो. मी म्हणालो, 'मला नाही आठवत, बाई.'

बघा, 'दिली नाही' असं नाही म्हणालो. 'आठवत नाही' म्हणालो. घरी जाताना वाटभर स्वतःला तेच सांगत होतो, खोटं कुठे बोललो, गडबडीत माणसाला नाही आठवत. चांगलं लख्ख आठवत होतं. बाईंच्या हातांचा थंडपणा मानेला लागलेला आठवत होता. वाटलं, उद्या सांगू. आज सगळे तापलेत, उद्या सांगू. उद्या बैठक झाली, त्यात ठरलं की बाईंनी यापुढे मशीन चालवू नये, आणि शिकवायची जबाबदारी मला. टाळ्या वाजवल्या हो लोकांनी. टाळ्या वाजत असताना कसं सांगायचं? मग आठवडा गेला, मग महिना गेला, आणि महिन्यानंतर सांगायला गेलं की लोक आगीचं विचारत नाहीत, महिनाभर काय करत होतास ते विचारतात. दोन वर्षांचं तर विचारूच नका.

ज्योत बघताय ना? किती पाट्या झाल्या? सात? बरं.

मला वाटलेलं, फार तर काय, बाईंचं कोडी कापणं बंद होईल. वाईट आहे, पण माणूस मरत नाही त्यानं. दुसरं शेड शोधतील, म्हटलं. मन खायचं, पण मन काय, दोन वेळचं जेवण मिळालं की त्याचीही सवय होते. मग गेल्या मंगळवारी हार्डवेअरच्या दुकानात मी स्क्रू घ्यायला गेलो, तर काउंटरपाशी बाई. हातात चिठ्ठी. मला बघून इतक्या आनंदल्या! मला वाटलं ओळख दाखवणार नाहीत, मी मान खाली घालून सटकणारच होतो, तर स्वतः पुढे आल्या आणि म्हणाल्या, 'तुमचे उपकार आहेत हो माझ्यावर.'

उपकार.

म्हणाल्या, 'तुम्ही नसतात तर माझ्या हातून त्या दिवशी माणसं मेली असती. मला अजूनही असंच आठवतं की मी चकती तुम्हाला दिली, तुम्ही दोनदा घेतली म्हणालात. इतकं स्पष्ट आठवतं! म्हणून तर घाबरले मी. जे झालंच नाही ते इतकं स्पष्ट आठवतं म्हणजे डोकं गेलंच की.' हसत सांगत होत्या. वेळीच सावध झाले, म्हणाल्या. आता सगळं लिहून ठेवते. चिठ्ठी दाखवली मला. स्क्रू आणायचे म्हणून नव्हती ती चिठ्ठी, ताई. तिच्यावर लिहिलेलं — 'गॅस बंद केला, पाहिला. पुन्हा पाहिला. कुलूप लावलं, ओढून पाहिलं.' ते भूमितीवाल्या बाईंचं सरळ अक्षर. डॉक्टरांना दाखवलं म्हणे, डॉक्टर म्हणतात काही नाही, पण बाई म्हणतात डॉक्टरांना काय कळतंय, ते त्या दिवशी तिथे नव्हते. नातीला एकटीनं सांभाळत नाहीत आता. सून काही बोलली नाही हो, सून म्हणते सांभाळा, आई, काही होत नाही. बाईच नको म्हणतात. 'माझ्यावर विश्वास ठेवू नका,' सांगून टाकलंय घरात. चार वर्षांची नात. तिच्यासाठीच होतं ते कोडं, भिंतीवर टांगलंय ते. नीट बघितलंत तर जळक्या बाजूला हत्तीची सोंड दिसते.

आग मी विझवली, खरंय. पण बाईंचं डोकं जे चांगलं तेवत होतं, तेही मीच विझवलं. आणि वर पाटी लावली. आणि दर महिन्याला नव्या माणसांना उभं करून ती गोष्ट सांगतो, हातवारे करून. चांगली रंगवतो, हां. चाळीस माणसं घरी जाऊन सांगत असतील, एक विसरभोळी म्हातारी होती म्हणून.

मंगळवारी तिथेच सांगता आलं असतं. मी म्हणालो, 'काळजी घ्या, बाई.'

थांबलं का? टोक कोपऱ्यात गेलं? झाकण लगेच उघडायचं नाही, पंख्याला धूर ओढू दे आधी. मनात साठ मोजा. मीही मोजतो.

झालं. उघडा. बाराच्या बारा स्वच्छ निघाल्या, कडा बघा, कुठे करपली नाही. अकरा मिनिटं तुम्ही एकदाही मान वळवली नाहीत, ताई. मी काय काय बोललो, तरी तुम्ही ज्योतीवरून नजर हलवली नाहीत. एवढं मला त्या दिवशी जमलं असतं तर. पास आहात. आणा तो फॉर्म, सही करतो. माझी सही तुम्हाला चालणार असेल तर, म्हणजे.

आता बघितलंत तरी चालेल माझ्याकडे.

नाही, ती चकती मला नको, खिळ्याला लावा ना. मशीन बंद झालंय, आता द्यायची-घ्यायची गरज नसते. सांगतोय ना, नियमात नाही तसं. अहो, हात दुखेल, किती वेळ धरून उभ्या राहाल? लावा खिळ्याला.

हो, ऐकलं मी. 'दिली' म्हणालात, ऐकलं.

घेतली.

घेतली म्हटलं ना, ताई, घेतली. तुम्ही जा आता. पाट्या कागदात गुंडाळा, कोपरे नाजूक असतात. आणि जाताना तो स्क्रूड्रायव्हर तेवढा इकडे सरकवा, ती पाटी उतरवायची आहे. बाईंचा नंबर मला पाठ आहे. जा तुम्ही, दार ओढून घ्या.