वाट्या नाही हो आजी, माणूस!

...आणि वर डॉक्टर मलाच विचारतात, "आजी, यांना शेवटचं नीट कधी पाहिलंत?" अहो, तुम्हीच सांगा, पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याकडे कोण बघत बसतं? नवरा म्हणजे काय टीव्ही आहे? हे रिटायर झाल्यापासून मागच्या खोलीत, मासे धरायचे गळ पुसत. मी दाराशी ट्रे ठेवायचा, भात, मिसोचं म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, मुळ्याचं लोणचं, आणि मग रिकाम्या वाट्या उचलायच्या. वाट्या रिकाम्या म्हणजे माणूस धडधाकट! आणखी काय बघायचं?

त्या दिवशी सकाळी वाट्या भरलेल्याच. दार सरकवलं तर हे चटईवर आडवे, तोंड वाकडं, उजवा हात लुळा... धावत फोन केला ॲम्ब्युलन्सला, आणि तुम्हाला सांगते, काय म्हणाले असेन? "तेवढा सायरन वाजवू नका हं, शेजाऱ्यांना उगाच त्रास." हसू नका! आमच्या जपानात सगळेच असं सांगतात. समोरच्या मिझोबेबाईंनी सासूच्या वेळी गाडी कोपऱ्यावरच थांबवली होती! फोनवरचा माणूस कसला नम्र, "माफ करा, वाजवावाच लागतो." झालं! म्हणजे अख्खी गल्ली बघणार! मग यांचा मळका बनियन काढला, इस्त्रीचा शर्ट चढवला. लुळ्या हाताला बाही घालून बघा कधीतरी! ॲम्ब्युलन्सवाले दारात, आणि मी आपली, "एक मिनिट हं, दोनच बटणं राहिलीत..."

इस्पितळात कुरिहारा डॉक्टर. वयानं पोरगेलेच, पण डोळे असे की आठवडाभर पाठ टेकली नसावी. "आजी, मेंदूत गुठळी अडकलीये. ती विरघळवायचं औषध आहे, पण झटका कधी आला ते कळायला हवं. उशीर झाला असेल तर त्याच औषधानं मेंदूत रक्तस्राव होतो. शेवटचं नीट कधी पाहिलंत?" घ्या! परत तेच! खोटं सांगावं तर नवरा मरायचा, खरं सांगावं तर औषध नाही. मी म्हटलं, "रात्रीच्या वाट्या रिकाम्या होत्या." "वाट्या नाही हो आजी, माणूस!" ...आणि मला आठवेचना. चेहराच आठवेना हो यांचा, नीट असलेला! रडू फुटलं मला, सगळ्यांसमोर.

डॉक्टर म्हणाले, "रडू नका. वेळ न कळलेल्या पेशंटसाठीच आमचं संशोधन चाललंय. यांच्या मेंदूचा फोटो काढलाय, त्यावरून यांना त्यात घेता येईल. पण निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाइन. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवतो, आम्हालाही कळत नाही. उपयोग होईलच असंही नाही, धोका आहे. तुमची परवानगी हवी." मी कमरेत वाकले, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." ते वाकले, "नाही, ठरवायचं तुम्ही." "छे छे, तुमच्यापुढे मी काय बोलणार!" "आजी, मला ठरवताच येत नाही!" ते वाकतायत, मी वाकतेय, आणि मध्ये स्ट्रेचरवर हे, इस्त्रीच्या शर्टात... शेवटी नर्स ओरडली, "हो की नाही?" आमच्याकडे नर्स ओरडत नाही हो! मी दचकून म्हटलं, "हो!"

वाचले. उजवी बाजू गेली ती गेलीच, वाचाही गेली. आता दिवसभर समोर बसते, चमच्यानं पेज भरवते, टक लावून बघते. आता विचारा ना म्हणावं, शेवटचं कधी पाहिलंत! आता कोण विचारतंय?

परवा मीच डॉक्टरांना विचारलं, "यांना औषध मिळालं की सलाइन?" कारण रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही हो माझा. सलाइन मिळालं असेल तर मी काय केलं? आणि औषध मिळूनही हे असेच, तर मग काय? डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांचं संशोधन संपलं की कळेल, आजी."

"कधी संपणार?"

"चार-पाच वर्षं तरी."

यांना एक्क्याऐंशी सरलं! घरी येऊन बजावलंय यांना, निकाल लागेपर्यंत कुठे जायचं नाही, मला कळलं पाहिजे. हे नुसते बघतात माझ्याकडे... आता जन्मभर माझं एक ऐकलं नाही या माणसानं, हेच तेवढं काय ऐकणार!