पुस्तिकेतला ढोलवाला आणि सातवा मजला

मंडळी, ऐका! आज सवाल सोपा आहे, उत्तर अवघड. माणसानं चाकरी कुणाच्या दारात करावी? जिथं पगार जास्त तिथं? जिथं गोतावळा मोठा तिथं? की जिथं आपल्यासारखी चार माणसं आधीच बसलीत तिथं?

हां, ते खांबाजवळचे पाव्हणे लगेच म्हणाले — पगार! बरोबर आहे. कीर्तनात बसलं म्हणून खोटं कशाला बोलायचं? ‘धन म्हणजे माती’ असं सांगणाऱ्या बुवाचं पाकीट आधी तपासून घ्यावं! घामाचं दाम घ्यावंच. पण मंडळी — नुसतं तेवढंच बघावं का? चला, आख्यानात जाऊ. मृदंगवाले, हात जरा हलका ठेवा. आणि ती मागची तीन पोरं — मोबाईल खिशात! आख्यान मोबाईलच्याच धंद्याचं आहे, पण ऐकायचं कानानं!

तर सातपुड्याच्या डोंगरात उमरीपाडा नावाचा पाडा. तिथली पोरगी, निमा पावरा. वय चोवीस. अंगानं काडी, जिभेनं मिरची! शिकली, आणि बातम्या द्यायच्या धंद्यात पडली. बातम्यांच्या धंद्यात तिच्यापुढं तीन दारं. नावं मी घेत नाही — उद्या नोटीस यायची, आणि वकिलाची फी काय सप्ताह कमिटी देणार आहे? आपण म्हणू थोरली, मधली, धाकटी.

धाकटीत ती आधीपासून होती. जिल्ह्याच्या गावातलं चॅनेल. माणसं किती? नऊ! पगार बारा हजार. आणि नऊतले सात कोण? मालकाचे भाचे-पुतणे! एकाच आजीचे नातू, मंडळी! तिथं कुणाचं चुकलं तरी सांगायचं कुणाला? आजीला?

मग मधली. नाशिकचं दैनिक. साठ माणसं, पगार सव्वीस हजार. निमा बघायला गेली, तर बावीस बायका! पोरगी हरखली. मग जरा डोळे उघडून बघितलं. बाविसातल्या वीस बाया एकाच खोलीत. त्या खोलीत काय चालतं? राशिभविष्य, लोणची आणि मेंदीची नक्षी! निवडणुकीची बातमी बाईनं लिहिली तर शाई वाळते का हो?

आणि थोरली? अबब! मुंबईत सात मजल्यांची काचेची इमारत. टीव्ही तिचा, पेपर तिचा, मोबाईलवर टुण्णकन वाजतं तेही तिचं. तीन हजार माणसं! पगार पंचेचाळीस हजार! वर एक गुळगुळीत पुस्तिका — ‘आमच्याकडे सगळ्या महाराष्ट्राचं प्रतिबिंब’. शंभरात इतक्या बाया, इतके आदिवासी, इतके अपंग, सगळं आकड्यात. आणि पहिल्याच पानावर फोटो — डोक्याला मोरपिसांची पगडी, गळ्यात ढोल, हसणारा एक माणूस. खाली नाव, जात्र्या वळवी.

निमा म्हणाली, “आपला माणूस! ठरलं.”

पण थोरलीची एक अट होती. एक दिवस येऊन काम करून दाखवायचं. पटलं तर संध्याकाळी पाचला पत्र, नाहीतर परतीची एसटी. पोरगी निघाली. बापानं पायरीवरून बजावलं, “निमे, तुझं तोंड एक दिवस बंद ठेव. फक्त एक दिवस! खोलीत सहा पोरी कोंबून राहतेस, अंथरुणालासुद्धा पाळ्या लावता. हे गेलं तर पुन्हा मिळायचं नाही.”

“ठेवते, बाबा.”

ठेवते म्हणाली! झाकण ठेवलं म्हणून दूध उतू जायचं राहतं का, आयांनो?

सकाळी थोरलीच्या फाटकावर पोचली. वहीत नाव लिहिलं. तर गार्डच्या निळ्या कपड्यातला पन्नाशीचा माणूस वही उलटी करून वाचतो — “पावरा? कुठल्या गं?”

“उमरीपाडा. धडगावकडं.” आणि तिनं वर बघितलं. “ओ दादा... तुम्ही त्या पुस्तिकेतले ना? पहिल्या पानावरचे?”

जात्र्यादादा लाजला. “ते होय! फोटोवाले आले, म्हणाले चला. पगडी त्यांनीच आणली, भाड्यानं. आमच्यात तसली कुणी बांधत नाही. ढोलसुद्धा दुसरीकडचा. वाजवला असता तर समजलं असतं.”

“आणि तुमच्यासारखे अजून कुठं बसतात? कितव्या मजल्यावर?”

“बसतात? आम्ही उभं राहतो, बाई. फाटकावर, गाडीखान्यात, झाडूपोछ्यात. खालीच सगळे.”

समजलं का, मंडळी? आकडा खोटा नव्हता! एकेक माणूस खराच होता. फक्त शंभरातले ते सगळे तळमजल्यावर — आणि बातमी शिजते सातव्यावर!

पोरगी वर गेली. सातव्या मजल्यावर चाळीस जण. सगळे गोड बोलणारे, सगळे हुशार, आणि निम्म्यांची शाळासुद्धा एक! त्यांचे प्रमुख पराग सर. माणूस वाईट नव्हता, बरं का. आल्या आल्या तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. आणि म्हणाले, “निमा, होळी आलीये. एकच्या बातम्यांत भोंगऱ्या बाजार लावायचाय. तुझ्याच भागातलं आहे. गेल्या वर्षीची बातमी काढ, तारीख बदल, लाव.”

ही यांची रीत! सण आला की गेल्या सालची बातमी काढायची, साल बदलायचं, झालं. आपण दिवाळीला गेल्या वर्षीचा आकाशकंदील काढतो, तशी.

निमानं बातमी उघडली. मथळा काय? ‘आदिवासींचा लग्नाचा बाजार! तरुण-तरुणी निवडणार जोडीदार!’

पोरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अहो, भोंगऱ्या म्हणजे होळीआधीचा बाजार! गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार घ्यायचे, ढोल वाजवायचे, चार पाड्यांचे पाव्हणे भेटायचे. तुम्ही दसऱ्याआधी तालुक्याला जाता ना? तिथं सासरे विकत मिळतात का?

पण बापाचा शब्द! पोरीनं दात आवळले. म्हणाली, एक दिवस. पंचेचाळीस हजार. गप. बोट तारखेवर नेलं. बदलली तारीख! हो मंडळी, बदलली! नायिका म्हणून मी झाकणार नाही. पोट सगळ्यांनाच असतं.

साडेबारा झाले. मग शेजारच्या पोरानं बातमीला फोटो जोडला आणि मोठ्या पडद्यावर टाकला. बाजारात एक बाई, चेहरा अर्धा ओढणीआड, शेजारी एक बाप्या. खाली अक्षरं — ‘मनपसंत जोडीदार शोधताना आदिवासी युवती.’

निमानं बघितलं. पुन्हा बघितलं. आणि खुर्ची मागं सारून ओरडली, “अहो ही माझी काकू आहे!”

चाळीस मुंड्या वळल्या!

“बोंदरीकाकू! छप्पन वर्षांची आहे, पाच नातवंडं आहेत! आणि तो जोडीदार नाही, तो माझा काका रायसिंग! शेवेचा भाव पाडतोय तो!”

पराग सर म्हणाले, “निमा, शांत हो. फोटो एजन्सीकडून आलाय. तुझा गैरसमज...”

“काकूबद्दल गैरसमज?” झालं, दूध उतू गेलं! “थांबा. विचारूनच घ्या.” फोन लावला, आवाज मोठा केला. काकू तिच्या पावरी बोलीत बोलली, मी आपल्या भाषेत सांगतो.

“काकू, तुझा फोटो मुंबईत लागलाय. म्हणतात तू बाजारात नवरा निवडतीयेस!”

पलीकडनं काकू म्हणते, “असा बाजार आहे? मग आधी का नाही सांगितलंस? ह्या म्हाताऱ्याला बदलून देतात का विचार! वर काय द्यावं लागेल तेही विचार!”

मागून काकाचा आवाज, “मला कोण परत घेतंय?”

निमानं मराठीत सांगितलं, आणि सातवा मजला हसून आडवा! पण पराग सर हसले नाहीत. माणूस पांढराफटक पडला. “अकरा वर्षं,” म्हणाले, “अकरा वर्षं ही बातमी आम्ही अशीच लावतोय. कुणी बोललं कसं नाही?”

तेवढ्यात काचेच्या दारातून आवाज आला, “मला ठाऊक होतं, साहेब.”

जात्र्यादादा! हातात कुणाचं तरी टपालाचं पाकीट, सही घ्यायला वर आलेला.

“तुला? मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

दादा म्हणाला, “मला सातव्यावर पाकीट द्यायची परवानगी आहे, साहेब. बोलायची कुणी दिली?”

मंडळी, टाळ थांबवा. हे वाक्य पोटात जाऊ द्या.

एकला दहा मिनिटं कमी होती. पराग सरांनी ती बातमी स्वतःच्या हातानं पुसली. म्हणाले, “निमा, लिही. दादा, खुर्ची घ्या.” दादा सांगतोय, निमा लिहितीये. गूळ काय भाव, खजूर कुठून येतो, ढोलाला कातडं कोण चढवतं, कुठल्या वारी कुठं बाजार. ठोक्याला बातमी लागली! आणि धडगावात टीव्हीपुढं बसून काकू ओरडली, “माझा फोटो का काढून टाकला रे!”

पाच वाजले. पत्र आलं. पंचेचाळीस हजार. निमा सही करीना!

“एक ओळ घाला,” म्हणाली. “डोंगरातली बातमी जात्र्यादादांना वाचून दाखवल्याशिवाय लागणार नाही. आणि त्या कामाचा दादांना वेगळा पगार.”

नोकरभरतीच्या मॅडम म्हणाल्या, “अगं, फॉर्ममध्ये असा रकानाच नाही.”

“मग आखा.”

आता बघा — पोरगी उभी. हे गेलं तर पुन्हा सहा पोरींची खोली, बारा हजार, आजीचे नातू! बापाचं तोंड डोळ्यापुढं. पण शब्द माघारी घेतला नाही तिनं. मॅडमनी सरांकडं बघितलं. पराग सरांनी खिशातलं पेन काढलं. “पट्टी आहे का, मॅडम? मी आखतो.”

आणि आखला! निमानं सही केली, आणि पगारातला एक रुपया सोडला नाही, शाबास पोरी! जात्र्यादादा मात्र सहीच्या वेळी अडून बसला. म्हणाला, “सकाळी फाटक मीच उघडणार. तिथनं माणूस आत येताना दिसतो.” राहिला. सकाळी फाटकावर, अकरानंतर सातव्यावर.

तर पाव्हणे, पगार बघाच. घर किती मोठं तेही बघा. तिथं कोण कोण आहे तेही मोजा. पण मोजून झालं की विचारा — ह्यांच्यातल्या कुणाच्या बोलण्यानं इथं काही थांबतं का?

हसलात ना थोरलीला? फार हसलात! आता जरा बाहेर जाऊन मंडपाच्या दारातला फलक बघा. सप्ताह कमिटी, तेरा फोटो. तेराच्या तेरा मिशा! आणि तिकडं चुलीपाशी? सकाळपासून सत्तर बाया पोळ्या लाटतायत. अहवालात तुम्ही लिहाल, ‘महिलांचा मोठा सहभाग’. अहो अध्यक्ष, चुळबुळ करू नका, सतरंजी गोळा होते! गेल्या वर्षी पंगत दोनला धरली, आमटी कच्ची राहिली, लोकं नावं ठेवून गेली. चूल सांभाळणाऱ्या चंद्रकलाबाई तेव्हा काय म्हणत होत्या, विचारलं होतं कुणी?

मी आता वीणा उतरवत नाही. आरतीही नाही. अध्यक्षांनी उठावं, चुलीपाशी जावं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारावं — बाई, पंगत कधी बसवायची? त्या सांगतील ती वेळ. देव विटेवर उभाच आहे, त्याला घाई नाही.

उठा, अध्यक्ष! तोवर मंडळी, टाळी धरा — विठ्ठल! विठ्ठल!