चाचे, दाढ आणि तिसरा भाग

—नाही हो, तोंड मिटू नका, आत्ता कुठे मुळापर्यंत पोचतेय. मोठा आ करा. अजून. हां, अस्सं. आणि ही नळी तुम्हीच धरा, लाळ ओढून घेते ती—आमची सिस्टर आज रजेवर आहे, काय करणार. तर काय सांगत होते मी? हां, समुद्री चाच्यांच्या त्या सिनेमाचा तिसरा भाग. शेवटचा म्हणे! पाहिलात का? मान नका हलवू, ड्रिल आहे तोंडात, पाहिला असेल तर नुसती पापणी मिटा. नाही पाहिलात? मग वाचलात. अहो, जन्म समुद्रावर काढलेला कप्तान, आंघोळीचा पत्ता नाही, दाढीत शिंपले अडकलेत—आणि हसला की बत्तीसच्या बत्तीस दात पांढरेशुभ्र! घासून कोण देतं, देवमासा? हिरड्या कशा, तर गुलाबाच्या पाकळ्या. तुम्ही रोज घरचं जेवता, घरच्या नळाचं पाणी पिता, आणि तुमची ही दाढ बघा—गुहा झालीय नुसती. आणि डोळ्यावरची ती पट्टी! पहिल्या भागात गेला होता डावा डोळा, तलवारीनं, मोठ्या गाजावाजात. तिसऱ्यात वादळ येऊन जातं आणि पट्टी बसते उजव्यावर. मी नवऱ्याच्या कानात म्हटलं, 'अरे, हा डावा कधी उगवला?' तर तो म्हणाला, 'हं.' बस्स. नुसतं 'हं'.

दुखतंय? हात वर केलात म्हणून विचारलं. नाही? मग कशाला—अच्छा, शेवट सांगू नको म्हणून? अहो, राहिलंय काय सांगण्यासारखं! तरी सांगतेच, तुमचे तिकिटाचे पैसे वाचतील. दोन जहाजं बुडाली, अर्धे खलाशी माशांच्या पोटात गेले, कप्तान तीनदा मेला आणि तीनदा शिंकत उठला. एवढं झाल्यावर ती खजिन्याची पेटी सापडते. उघडतो. आत काय? आरसा! खरा खजिना म्हणजे आपण स्वतः, असं वर त्याच्या खांद्यावरचं ते म्हातारं पोपट-ध्यान बोलतं, आणि सगळे चाचे मुळूमुळू रडतात. आरसाच बघायचा होता तर आमच्या बेसिनवर आहे की, फुकट.

नाही, मी काही चिडलेबिडलेली नाही. उलट मी त्यांची पक्की चाहती. जरा डावीकडे वळा. पहिला भाग आला तेव्हा आमचं लग्न ठरायचं होतं, ठरेल की नाही तेही कळत नव्हतं. गेलो दोघं. मी सुरुवातीपासून बोलतेय—हा बघ कसा पडला, ही बाई एवढ्या वाऱ्यात अंबाडा कसा टिकवते—माझं चालूच असतं, तुमच्या लक्षात आलंच असेल. तो हसून हसून खुर्चीवरून घसरलेला. मागचे गृहस्थ खवळले, 'बाई, गप्प बसा, नाहीतर बाहेर जा.' आणि हा, एरवी कुणाशी वर मान करून न बोलणारा माणूस, मागे वळून म्हणाला, 'ती बोलतेय म्हणूनच तर मजा येतेय.' झालं! माझं लग्न तिथंच लागलं, पुढचं सगळं नातेवाइकांसाठी. दुसऱ्या भागाला तर मी इथल्याच गॉजच्या पट्ट्या काळ्या रंगवून नेल्या होत्या, एक त्याला, एक मला. घातली त्यानं. आख्खा सिनेमा एका डोळ्यानं पाहिला.

यंदाही पट्ट्या केल्या. 'नको गं, लोक बघतात,' म्हणाला. म्हटलं ठीक आहे, वय झालं. मध्ये मला खोकल्याची उबळ आली, तर म्हणतो, 'आत्ता जाऊन ये, आता बराच वेळ नुसतं वादळच आहे.' मी गेले. पाणी प्यायले, हात धुतले, आणि हात तसेच ओले घेऊन उभी राहिले. याला कसं माहीत? परत आले, तर तोफ उडायच्या आधीच यानं कानांवर हात ठेवले. आधी! पुढं मी पडद्याकडं बघितलंच नाही, याच्याकडंच बघत बसले. विनोदाच्या आधी हसत होता हो.

तोंड नका मिटू. घरी येऊन चपलासुद्धा न काढता विचारलं, 'कोण होती?' मनात म्हटलं, ऑफिसातली असेल, बारीक असेल, तिला पट्टी शोभत असेल. तो म्हणाला, 'कुणी नव्हतं. एकटाच गेलो होतो, पहिल्याच दिवशी, ऑफिसला दांडी मारून.' 'का?' तर म्हणाला, 'मला एकदा नीट ऐकायचा होता.' ऐकायचा! बघायचा नाही, ऐकायचा! अहो, बाई असती तर मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या, घर डोक्यावर घेतलं असतं, माहेरी फोन लावले असते. शांततेच्या झिंज्या कुठं धरणार?

मग मीही ठरवलं, घे, ऐक किती ऐकायचंय ते. घरात तोंड बंद. म्हटलं, दोन दिवसांत येईल गयावया करत, 'काय झालं, बोल ना गं.' हा हलेचना. सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. भांडी घासताना गुणगुणतो—मला वाटायचं, याला गाता येतच नाही. आणि काल जेवताना, आमटीची वाटी खाली ठेवून, अगदी मनापासून, कुजकेपणानं नाही हो, प्रेमानं म्हणाला, 'आजकाल घरात किती बरं वाटतं, नाही?'

...

चावा. हा निळा कागद आहे, त्यावर चावा. उंच लागतंय कुठं? नाही ना? झालं, बसली दाढ. चूळ भरा. इथं मी जरा जास्तच बोलतेय हल्ली, कल्पना आहे मला. दिवसभराचं कुठंतरी सांडायला नको का? आणि तुम्ही ऐकताही छान, मध्येच 'हं' करत नाही. बोला आता, तोंड मोकळं आहे तुमचं. तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? घाई नको, भूल उतरायची आहे, शब्द जरा जड येतील. बोला ना.

काय म्हणालात? पुन्हा सांगा.

'पुन्हा यावं लागेल का', हे विचारताय?

नाही. नाही लागणार. ती दाढ आता तुम्हाला मरेपर्यंत त्रास देणार नाही. या तुम्ही. दार ओढून घ्या.