गच्चीसाठी कॅव्हेट

…छे छे, भांडण अजिबात नाही! आमच्यात कधी भांडण झालंच नाही, म्हणून तर भीती वाटते — टायपिस्टसाहेब, तुम्ही टाइप करा ना, थांबलात का? कॅव्हेट म्हणजे काय ते वकिलांनी मला नीट समजावलंय. माझी बाजू ऐकल्याशिवाय कोर्टानं समोरच्याला परस्पर स्टे द्यायचा नाही, बस्स. समोरचं कोण? माझी सख्खी मोठी बहीण. घर दोघींच्या नावावर, गच्ची दोघींची, आणि सोमवारी गवंडी येतोय — गच्चीवर खोली चढवायचीय. मुलगा म्हणतो, खोली झाली तरच बायकोला घेऊन राहायला येईन. एकुलता एक आहे हो. ताईला विचारलं का? नाही विचारलं. विचारलं असतं तर ती 'बांध की' म्हणाली असती, आणि मग मलाच कसंतरी झालं असतं — कारण सकाळचं ऊन खायला ती तिथंच बसते, कुंड्या चाचपून कुठल्या रोपाला कळी आली ते सांगते. दिसत नाही ना तिला. साफ गेलेत डोळे.

मग ती स्टे आणणार कशी? वकिलांनीही हेच विचारलं! रस्ता ओलांडायचा तरी तिला माझा हात लागतो. कोर्टात यायचं तर आणणार कोण? मीच! आणीनसुद्धा, रिक्षा करून आणीन — पण आधी माझं कॅव्हेट दाखल हवं. कुणाच्या मनात काय असतं, सांगता येतं का?

काय? तिला नोटीस? रजिस्टर पोस्टानं? अहो, मग गुपचूप काय राहिलं यात! कायदाच तसा? धन्य आहे तुमच्या कायद्याची — म्हणजे चोरानं आधी घरमालकाला कळवायचं… मी चोर नव्हे हो, आपली बोलायची पद्धत. बरं, घाला पत्ता. वरचाच. हो, माझाच. एका घरात राहतो, तर दुसरा कुठून आणू? पोस्टमन आला की दार मीच उघडते. ताई आतून विचारते, "कुणाचं गं? वाच ना." तिची सगळी पत्रं मीच वाचते, एक अक्षर गाळत नाही — आजवर तिनं एकदासुद्धा विचारलं नाही, सगळं वाचलंस ना म्हणून…

अहो, ही एवढी नोटीस तुम्ही येऊन वाचाल का तिला? चहा देईन. म्हणजे ताईच करील, अंदाजानं करते पण फक्कड करते…

असे बघताय काय माझ्याकडे? टाइप करा तुम्ही, टाइप करा!